पेपर पीसिंगचा कागद धुण्यात विरघळत नाही

पेपर पीसिंग म्हणजे नमुना छापलेल्या कागदावर कापडाचे तुकडे नंबरवारी शिवून ब्लॉक (चौकोन) बनवायचे, ब्लॉक जोडून क्विल्टचा वरचा थर, म्हणजे टॉप, करायचा आणि कागद काढून टाकायचा. क्विल्ट शिवणाऱ्यांमध्ये सध्या याबद्दल एक मेसेज फिरतोय. सारांश असा: मोठा क्विल्ट असेल तर पूर्ण टॉप जोडून होईपर्यंत एकही कागद काढू नका, काढायचा कंटाळा आला तर आतच राहू द्या, पहिल्या धुण्यात विरघळून जातो, घाई असेल तर पाणी फवारा, लगेच सुटतो, आणि जुन्या क्विल्टमध्येही कागद आतच ठेवत असत. माझ्या बहिणीने हे वाचलं आणि 120 ब्लॉकचा टॉप कागदासकट बॅटिंगवर (मधल्या भरावाच्या थरावर) पसरला. म्हणून हे लिहितेय.

आधी त्या विरघळण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. साधा कागद पाण्यात विरघळत नाही. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सुती कापडही सेल्युलोजच. पाण्याने सेल्युलोज विरघळत असतं तर कागदाआधी क्विल्टच गेला असता. पाण्यात होतं एवढंच की तंतूंची एकमेकांवरची पकड सुटते आणि कागदाचा लगदा होतो. खिशात विसरलेली चिठ्ठी धुतल्यावर काय होते, आठवा. इथे तर तो खिसाही बंद आहे: वर टॉप, खाली बॅटिंग आणि अस्तर, मधून क्विल्टिंगचे टाके. लगद्याला बाहेर पडायला वाट नाही. तो शिवणींच्या कोपऱ्यांत गोळा होतो आणि वाळला की खड्यासारखा हाताला लागतो. मग क्विल्टिंग उसवण्यावाचून इलाज नाही. 8 इंची 120 ब्लॉकना 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) कागद वापरला असेल तर शिवणीचं मार्जिन धरून आत 400 ग्रॅमहून जास्त कागद असतो. एवढा लगदा जाणार कुठे?

पाण्यात विरघळणारे फाउंडेशन शीट (कागदाऐवजी शिवणीखाली घ्यायचे) मिळतात, हे खरं. पण ती वेगळी वस्तू आहे, आणि त्यांच्यातही दोन प्रकार: काही पूर्ण विरघळतात, काही नुसते मऊ होऊन तंतू मागे ठेवतात. कोणता कुठला, ते पाकिटावरच्या सूचनेत लिहिलेलं असतं. तेवढं वाचा आणि वापरायच्या कापडाच्या तुकड्यावर शिवून एकदा धुऊन पाहा. प्रिंटरच्या कागदाला हा नियम लावू नका.

आता "शेवटपर्यंत एकही काढू नका". यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. तिरक्या आकारांमुळे ब्लॉकच्या कडेला बऱ्याचदा उरेब (धाग्यांना तिरकं कापलेलं) कापड येतं, आणि उरेब कड कागदाविना हाताळली की ताणली जाते. 8 इंचाचा ब्लॉक सव्वाआठ झाला की पुढची ओळ जुळत नाही. म्हणून शेजारचा ब्लॉक जोडेपर्यंत कागद हवाच. पण शेजारचा जोडेपर्यंत. संपूर्ण टॉप होईपर्यंत नव्हे! चारही बाजू शिवल्या गेलेल्या ब्लॉकची कड ताणायला मोकळी नसते, तिथे कागदाचं काम संपलं. तो ठेवला तर ताठ टॉप मशीनखालून गुंडाळून न्यावा लागतो, घड्या पडतात, कागद नको तिथे फाटतो आणि फाटताना टाके ओढतो.

ओळींनी जोडत असाल तर क्रम असा ठेवा. दोन ब्लॉक जोडले की इस्त्रीआधी त्या शिवणीच्या पाव इंच मार्जिनमधली कागदाची पट्टी काढा, नाहीतर शिवण जाड राहते. तिसरी ओळ दुसरीला जोडली की दुसऱ्या ओळीतल्या मधल्या ब्लॉकचे कागद काढा, चौथी लागली की तिसरीतले. कागदवाल्या ओळी एका वेळी फार साचत नाहीत. कडेचे ब्लॉक मात्र बॉर्डर लागेपर्यंत तसेच. एखाद्याचा कागद आधीच काढावा लागला तर कापलेल्या कडेपासून 3 मिमी आत मशीनची एक साधी शिवण मारून घ्या, म्हणजे कड ताणत नाही.

कागद सहज निघणं शिवतानाच ठरतं. टाका 1.5 मिमीच्या आसपास, सुई 90/14. नेहमीच्या 2.5 मिमी टाक्यावर छिद्रं लांब लांब पडतात, कागद हट्टाने धरून बसतो आणि ओढताना टाके सैल होतात. 1.5 च्या फार खालीही जाऊ नका. चुकलं तर उसवताना कापड फाटतं. काढताना शेवटच्या नंबरच्या तुकड्यापासून उलट क्रमाने या. शिवणीवर कागद दुमडून नखाने घडी दाबा, डाव्या अंगठ्याने टाके धरून ठेवा आणि कागद वर न उचलता बाजूला ओढा. टोकांवर अडकलेले कपटे चिमट्याने.

पाणी फवारू नका. इंकजेटची शाई ओली झाली की फिक्या कापडावर उतरते. एखादी शिवण अगदीच अडली तर ओलसर कापसाचा बोळा फक्त त्या रेषेवरून फिरवा, तोही आधी छापलेल्या कोपऱ्यावर शाई तपासून. लेझर प्रिंट असेल तर छापील बाजूला गरम इस्त्री लावू नका, टोनर इस्त्रीला चिकटतो. आणि वाफ बंद ठेवा, वाफेने कागद आक्रसतो.

जुन्या क्विल्टचा दाखला दिलाय, तो हाताने काठाला काठ जोडायच्या इंग्लिश पेपर पीसिंगचा. त्यात कागदावर शिवण पडतच नाही, कापड कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरलेलं असतं. कागद राहिलेले जुने नमुने आहेत, पण त्यांतले बरेचसे अर्धवट राहिलेले टॉप. आतल्या पत्रांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवरून अभ्यासकांना त्यांचा काळ ठरवता येतो, एवढा त्यांचा उपयोग. कापडाच्या दृष्टीने तो कागद घातकच: लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काळाने आम्लयुक्त होतो आणि कापड पिवळं पाडतो. याही पद्धतीत षटकोनाच्या सहाही बाजू जोडल्या की कच्चा दोरा ओढून कागद काढतात आणि पुढच्या तुकड्याला तोच वापरतात.

कुणी टॉप कागदासकट बॅटिंगवर पसरून नुसत्या पिना लावल्या असतील, तर अजून काही बिघडलेलं नाही. पिना काढा, टॉप उलटा करा, मधल्या ब्लॉकपासून सुरुवात करा. बॉर्डर लागलेली नसेल तर आधी ती लावा, मग कडेचे कागद.