क्लचचा होज घरी बदलण्यावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्लचचा फुटलेला होज, म्हणजे पॅडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणारी लवचिक नळी, मी घरी कसा बदलला त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: हायड्रॉलिक लाइनचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांचं, काम घरी करायचं नसतं, होजबरोबर मास्टर (पॅडलकडचा) आणि स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडरचे रबरही बदलायला हवे होते, गाडी उचलताना घ्यायची काळजी लेखात फार खाली आली आहे, आणि ‘असले उद्योग करणाऱ्या हौशी लोकांमुळेच रस्त्यावर माणसं मरतात’.

काळजीचा मुद्दा मान्य. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा, चाकांना दगड लावा, हे वाक्य आज सकाळीच लेखाच्या सुरुवातीला नेलं.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. अहो, कुणावर माणसं मारल्याचा ठपका ठेवताना क्षणभर तरी थांबायचं असतं. क्लचचा होज फुटला की काय होतं? पॅडल खाली बसतं ते वर येत नाही, गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकायला गेलं की करकर आवाज येतो. गाडी अडते, पण ब्रेक शाबूत असतात. ज्या गाड्यांत क्लचला तेल ब्रेकच्याच डबीतून जातं, तिथेही क्लचची नळी सहसा डबीच्या वरच्या अंगाला जोडलेली असते, म्हणजे क्लचचं सगळं तेल गळलं तरी ब्रेकच्या वाट्याचं खाली उरतं. हे तुम्हाला माहीत असेल तर ते वाक्य लिहायला नको होतं, आणि माहीत नसेल तर मला शिकवायला नको होतं.

करू नये असा उद्योग कुठला, तेही लेखात आहे. फुटलेला भाग कापून त्यावर साधी रबरी नळी चढवायची आणि क्लॅम्प आवळायचा. पॅडल दाबल्यावर लाइनमध्ये जो दाब येतो त्यापुढे असली नळी टिकत नाही, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे. इंजिन ऑइल चुकूनही डबीत ओतू नका, आतले रबर फुगतात, हेही लिहिलं आहे. मी स्वतः गाडीच्या पार्ट नंबरचा नवा होज आणला, दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर नवी घातली आणि डॉट ४ या ब्रेक-क्लचच्या तेलाची सीलबंद बाटली फोडली. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. उघडी पडलेली बाटली म्हणूनच वापरायची नाही. इतकं बघून काम करणारा माणूस तुम्हाला हौशी वाटतो?

माझे वडील एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत होते. सुट्टीच्या दिवशी आमच्या अंगणात कुणाची ना कुणाची गाडी उघडलेली असायची आणि पाने पुसून हातात द्यायचं काम माझं असे. पाइपच्या नटाला साधा पाना लावला की त्यांचा आवाज चढायचा, कारण तो नट मऊ असतो आणि कोपरे लगेच झिजतात. लेखातल्या गाडीचा नटही मला असाच गोल झालेला सापडला. तो गोल केला होता पूर्वी काम केलेल्या एका गॅरेजने, घरी कुणी नाही. फ्लेअर पाना, म्हणजे नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा पाना, लावून, गंजावर स्प्रे मारून, तासभर थांबून मी तो सोडवला. लाइनमध्ये अडकलेली हवा (एअर) काढताना मुलगी पॅडलवर होती आणि हवा सोडायच्या निपलची पारदर्शक नळी बाटलीतल्या तेलात बुडवलेली होती. बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही हललो नाही.

सिलिंडरच्या रबरांचं म्हणाल तर स्लेव्हचा बूट, म्हणजे वरचं रबरी टोपण, मागे सरकवून पाहिला होता, आत कोरडं होतं. जे गळत नाही ते मी खोलत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. तुमच्या गाडीचा क्लच कधी असा बसला तर मॉडेल कळवा, पाना कितीचा लागतो ते सांगेन. पण माणसं मरण्याचं ते वाक्य आधी मागे घ्या.