ऑटो व्हाइट बॅलन्सबद्दल थोडं वेगळं मत
सूर्योदयाचे फोटो काढण्यावरचा लेख आवडला, पण त्यातलं सूर्योदयाला व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवा हे काही पटलं नाही. आकाशातला केशरी रंग कॅमेऱ्याला चूक वाटते आणि तो ती 'दुरुस्त' करून टाकतो! मी 'क्लाउडी' (ढगाळ हवेची सेटिंग) ठेवतो, त्यात केशरी रंग टिकतो, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल) काढतो, म्हणजे नंतर बदलता येतं.

दुसरं, मुंबईकरांसाठी जागेचं लिहायला हवं होतं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे मरीन ड्राइव्हवर पाण्यातून उगवणारा सूर्य मिळत नाही. त्यासाठी पूर्वेच्या बाजूचं गेटवे किंवा भाऊचा धक्का गाठायचा. मी अर्धा तास आधी पोचतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ आणि ट्रायपॉड. सूर्य वर आला की एक्स्पोजर एक स्टॉप कमी (म्हणजे प्रकाश निम्मा), नाहीतर बिंबाच्या जागी नुसता पांढरा ठिपका. नांगरलेल्या लाँच काळ्या आकृत्या होतात, ते उलट छानच दिसतं.

आणि हो, एसीच्या खोलीतला कॅमेरा बाहेर काढून लगेच वापरू नका. गेल्या मे महिन्यात लेन्सवर असं बाष्प धरलं की पुसत बसलो, तोवर सूर्य चांगला हातभर वर!