डायरेक्ट करून देतो, साहेब

"काका, गाडी कम्युनिकेट करत नाहीये."

काल दुपारी बावीस वर्षांच्या एका पोराने माझ्या 1986 च्या पद्मिनीबद्दल मला हे ऐकवलं. हातात पाटीएवढा स्कॅनर. अर्धा तास डॅशबोर्डखाली डोकं घालून तो स्कॅनर लावायचं पोर्ट शोधत होता. अरे बाबा, कार्ब्युरेटरची गाडी आहे, हिच्यात कॉम्प्युटरच नाही! गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चोक हाताने ओढायचा. अख्ख्या गाडीत त्यातल्या त्यात हुशार वस्तू म्हणजे इंडिकेटरचा फ्लॅशर, आणि तो म्हणजे तापली की वाकणारी एक पट्टी. ती कुणाशी काय कम्युनिकेट करणार? बरं, शोधता शोधता याने दोन वायरी उपटल्या. कुठून निघाल्या ते त्याला ठाऊक नाही, मला ठाऊक असायचं कारण नाही. त्यावर हसून म्हणतो, "हॉर्न वाजत नव्हता ना काका, डायरेक्ट करून दिलाय."

वाजत होता रे! तू हात लावेपर्यंत वाजत होता!

मी गाडी नेली होती इंडिकेटर आणि वायपरसाठी. परवा रात्री साखरपुड्याहून येताना राजाराम पुलाच्या सिग्नलला डावा इंडिकेटर दिला, तर त्याच्या जोडीला पार्किंगचा दिवाही मिणमिणायला लागला. वायपर काचेच्या मध्यावर येऊन थबकला. वरून धो धो पाऊस, आत बेकेलाइट जळाल्याचा वास, शेजारी पैठणीतली बायको. ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला हॅझार्ड लाइटची गरज सगळ्यात जास्त वाटते, आणि या गाडीला हॅझार्ड नाहीत. शेजारच्या रिक्षावाल्याने मात्र मान बाहेर काढून सांगितलं, "काका, फुंकून टाका की आता." त्याच्या रिक्षाचा एक हेडलाइट बंद होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता त्या शब्दाकडे येतो. डायरेक्ट. म्हणजे मधला फ्यूज, स्विच वगळून थेट बॅटरीला जोडायचं. पुण्यातल्या निम्म्या ऑटो इलेक्ट्रिशियनांना गुरूने कानात एवढा एकच मंत्र दिलाय. फ्यूज उडतोय? डायरेक्ट. स्विच तापतोय? डायरेक्ट. फ्यूज का उडतोय, हा प्रश्न विचारणं म्हणजे जणू त्यांच्या खानदानावर शंका. वीसेक वर्षांपूर्वी एका महाभागाने मला 100 वॉटचे हॅलोजन विकले. एकेक आठ अँपिअर खातो, दोघांचे झाले सोळाच्या वर, आणि फ्यूज आठचा. तो उडणारच, त्याचं कामच ते! रिले (जास्त करंट झेलणारा विजेवरचा स्विच) टाकायचा, जाड वायर टाकायची, तर याने फ्यूजच वगळला आणि बॅटरीपासून एक शेवईसारखी वायर ओढली. लाल. त्याच्याकडे लालच बंडल होतं. पुढच्याकडेही लालच होतं. त्यामुळे आज माझ्या डॅशबोर्डखाली जे लोंबतंय त्यात पार्किंग लाल, हॉर्न लाल, डेक लाल, आणि रिव्हर्सला सनई वाजवणारा जो डबा वडिलांच्या एका मित्राने हौसेने बसवून दिला होता, त्याचीही लाल. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना या गाडीच्या प्रत्येक वायरीला आपापला रंग होता हो!

तर स्कॅनरवाल्याला अठराशे रुपये मोजले (तीनशे "चेकिंग"चे, म्हणजे पोर्ट शोधल्याचे) आणि ठरवलं, बास, आता स्वतःच बघतो. फ्यूजपासून सुरुवात. या गाडीला ते दोन्ही टोकांना निमुळते, बाहेरून पट्टी असलेले टॉर्पेडो फ्यूज लागतात. पांढरा आठचा, लाल सोळाचा. संध्याकाळी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने फ्यूज हातात घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "केळकर म्युझियममध्ये विचारलंत का?" असतील म्हणे जुन्या बाजारात, बुधवारी या. दुसऱ्या दुकानात मिळाले, पण आधी त्यानेही "याच्यापेक्षा ब्लेड फ्यूजचा नवा बॉक्सच टाका ना, डायरेक्ट" असं म्हणून घेतलंच.

आज सकाळी फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं. वायपरच्या फ्यूजवर चांदी गुंडाळलेली! माझं डोकंच फिरलं. बायकोला वरून हाक मारून खाली बोलावलं, दाखवलं, म्हटलं बघ, ही आपल्याकडची लायकी. आठ अँपिअरच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी! आता हा चाळीस अँपिअरलाही उडणार नाही, आधी वायर पेटेल, मग गाडी, मग आपण. असल्या माणसाचं लायसन्स, रेशनकार्ड सगळं जप्त करायला हवं. ती शांतपणे वाकली, चांदी उलटी केली आणि म्हणाली, "अहो, ही चॉकलेटची आहे."

आमच्या घरात सिगारेट कुणी ओढत नाही. चॉकलेट खातो तो मी. डॉक्टरांनी बंद केल्यापासून गाडीत बसून खातो.

मग आठवलं. गेल्या पावसाळ्यात, खंबाटकी उतरल्यावर, "पुण्यापर्यंत पोचू दे, मग नीट करतो" म्हणून. ती चांदी त्यानंतर वर्षभर पुण्यातच फिरत होती. फ्यूजच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर दीड व्होल्ट तिथेच गळत होते. वायपर चालू असताना पाव व्होल्टही जायला नको तिथे. क्लिपा ढिल्या, हिरव्या पडलेल्या. पॉलिश पेपरने घासल्या, पक्कडीने जरा आवळल्या, नवा पांढरा फ्यूज दाबून बसवला. वायपर सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा एका दमात कामाला लागला.

इंडिकेटरला तर दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि याचाच संताप जास्त आहे. दिव्याच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक मोकळी वायर धरली, की सगळं सुतासारखं सरळ. म्हणजे अर्थिंग गेलेलं. मडगार्डला गंज धरला, करंटला परतीची वाट मिळेना, म्हणून तो बिचारा पार्किंगच्या फिलॅमेंटमधून घुसून घरी जात होता. एक बोल्ट काढला, गंज खरवडला, ग्रीस लावून पुन्हा आवळला. खर्च शून्य. हे स्कॅनरवर दिसत नाही.

त्या उपटलेल्या दोन वायरींचा मात्र पत्ता लागला नाही. दोन्ही लाल. एकीत बारा व्होल्ट येतात, दुसरीत कधी येतात, कधी नाही. टेप गुंडाळून ठेवल्यात. कुठलीही वस्तू बंद पडलेली नाही, हेच मला आवडलेलं नाही.

आणि हो, आता साडेअकरा वाजलेत, बाहेर पुन्हा पाऊस लागलाय, आणि खाली पार्किंगमध्ये एक हॉर्न सलग वाजतोय. गाडीला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. पण हॉर्न डायरेक्ट आहे ना. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमननी नाव न घेता "ज्यांची कुणाची असेल त्यांनी" असं टाकलंय. या सोसायटीत असा हॉर्न असलेली गाडी एकच आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. दहाचा पाना घेऊन बॅटरीची टर्मिनल काढायला जातोय. बायको म्हणतेय, छत्री घ्या.