बियर्डेड ड्रॅगन विदर्भाच्या उन्हात ‘आपोआप’ जगत नाही

यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांतील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : ‘बियर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला सरडा आहे, त्यामुळे विदर्भाचे ऊन त्याला आपोआप मानवते, दिवा लागत नाही, औषध लागत नाही. काचेच्या पेटीत ठेवा, किडे टाका, मुलांना खेळायला द्या. तो हात हलवून नमस्कार करतो. कंटाळा आला तर कपाशीत सोडा, बोंडअळी खाऊन टाकील.’ यातील ऑस्ट्रेलिया तेवढा खरा आहे.

उन्हाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. हा सरडा मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात राहतो आणि आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच अगॅमिडी कुळातला आहे. सकाळी तो ओंडक्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढून अंग तापवतो, पण ऊन चढले की झुडपाच्या सावलीत नाहीतर बिळात शिरतो. म्हणजे तो उष्णता सोसून जगत नाही. हवी तेवढी घेतो आणि उरलेली टाळतो. पाळलेल्या सरड्यालाही पेटीच्या एका टोकाला सुमारे 40 अंशांची तापण्याची जागा लागते आणि दुसरे टोक 25 अंशांच्या आसपास लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या पेटीत असे थंड टोक राहतच नाही. मग तो तोंड उघडून बसतो. लोक त्याला ‘हसतोय’ म्हणून फोटो काढतात. प्रत्यक्षात तो अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकत असतो आणि थंड जागी हलवले नाही तर दगावूही शकतो. उष्णतेचा परिणाम या प्राण्याच्या अंड्यांपर्यंत पोहोचतो : साधारण 32 अंशांच्या वर उबलेल्या अंड्यांतून जनुकांनी नर असलेली पिल्ले मादी म्हणून बाहेर येऊ शकतात, आणि रानातही अशा माद्या सापडल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

खोलीत कूलर लावला म्हणून प्रश्न सुटत नाही. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते तशीच दमटही असते, आणि पावसाळ्यात तर चार महिने ओल हटत नाही. कोरड्या हवेच्या या प्राण्याला सततच्या दमटपणात श्वसनाचे आजार जडतात. ‘दिवा लागत नाही’ हे तर सरळ घातक आहे. हाडांसाठी कॅल्शियम शोषायचे तर ड जीवनसत्त्व लागते आणि ते बनवायला उन्हातले अतिनील-ब (यूव्हीबी) किरण लागतात. खिडकीची किंवा पेटीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. उजेड भरपूर असूनही जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, अंग थरथरणे ही लक्षणे दिसतात ती यामुळेच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरे-शेळ्यांवर उपचार होतात. तिथे या सरड्याचा जाणकार मिळेलच असे नाही.

हात हलवणे हा नमस्कार नव्हे. लहान किंवा दुबळा सरडा मोठ्यासमोर ‘मी भांडणार नाही’ असे त्यातून सांगतो. माणसाने उचलायला हात पुढे केल्यावर तो हात हलवत असेल तर तो बिचकलेला असण्याचीच शक्यता अधिक.

कपाशीचा सल्ला मात्र मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो शेतकऱ्याच्या नडीवर बेतलेला आहे. गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडताच पात्या-फुलांत आणि बोंडांत शिरते आणि आतच सरकी खाते; तिचा पतंग रात्री उडतो. हा सरडा दिवसा हिंडतो आणि रात्री झोपतो. दोघांची गाठ पडणार कधी? शिवाय प्रौढ सरड्याच्या आहारात पालाच जास्त असतो. फवारणीच्या विषाने 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात माणसे दगावली. त्याच शिवारातले किडे खाऊन हा प्राणी सुखाने राहील, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? परका प्राणी रानात सोडला तर त्याच्यासोबत आलेले रोग आपल्या सरड्यांना लागण्याची भीती वेगळीच.

मुलांच्या हातात देण्याविषयी थोडक्यात : निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू पसरतात. पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत घासू नयेत.

ज्यांनी आधीच हा सरडा घेतला आहे, त्यांनी पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक तापमापक लावावा, अतिनील-ब दिवा बसवावा, पेटी थेट उन्हात ठेवू नये आणि मृगाच्या सुमारास अंगणात येणारे काजवे त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. एखादा काजवासुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकतो. सांभाळणे जमत नसेल तर त्याला शेतात सोडण्याऐवजी नागपूरसारख्या शहरातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याशी बोलून योग्य ठिकाणी सोपवावे.