‘मूठभर अडाणी’ नव्हते ते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वॉशिंग्टनमधल्या १९२५च्या क्लॅन मोर्चावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कू क्लक्स क्लॅन, म्हणजे पांढरे झगे आणि मुखवटे घालून गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी अमेरिकेतली संघटना, ही तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या मूठभर अडाणी गुंडांची टोळी होती, वर्तमानपत्रांनी तिचं पितळ उघडं पाडलं, ती संपली, आणि मी मात्र ‘अख्ख्या गोऱ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं’. शेवटी, स्वतः अमेरिकेत गेलेले तुम्ही विचारता, ‘आपल्या लोकांचा याच्याशी संबंध काय?’

तुम्ही ज्या क्लॅनबद्दल बोलताय ती पहिली, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरची. ती १८७०च्या दशकात मोडून काढली गेली. माझा लेख दुसरीवर होता. विल्यम सिमन्स नावाच्या माणसाने १९१५मध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्रॉस पेटवून ती सुरू केली. गंमत म्हणजे पेटता क्रॉस हा जुन्या क्लॅनचा विधी नव्हताच. तो एका कादंबरीतून आणि तिच्यावरून त्याच वर्षी आलेल्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटातून उचललेला. परंपरा म्हणून मिरवलेली गोष्ट पडद्यावरून आली होती.

पहिली पाच वर्षं ही संस्था कशीबशी तग धरून होती. १९२०मध्ये सिमन्सने एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या दोन व्यावसायिक प्रचारकांना हाताशी धरलं आणि चित्र पालटलं. सभासदत्वाची फी दहा डॉलर. त्यातले चार डॉलर नवा सभासद आणणाऱ्याच्या खिशात, बाकीचे वरच्या पायऱ्यांवर वाटले जायचे. आपल्याकडच्या साखळी योजना आठवा, तोच हिशेब. झगेसुद्धा मुख्यालयाकडूनच विकत घ्यायचे. प्रचारक गावात आला की आधी अंदाज घ्यायचा की इथले लोक कशाने धास्तावलेत. कुठे कृष्णवर्णीयांचा बागुलबुवा, कुठे कॅथलिक, कुठे ज्यू, कुठे चोरटी दारू. गावागणिक शत्रू बदलायचा, फी तीच राहायची.

म्हणूनच ही क्लॅन दक्षिणेपुरती राहिली नाही. तिचा सगळ्यात मोठा गड होता इंडियाना. तिथल्या अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांपैकी पाव ते एक तृतीयांश सभासद झाले होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दुकानदार, कारकून, पाद्री, दंतवैद्य. हो, दंतवैद्य : १९२२मध्ये सिमन्सला बाजूला सारून सर्वोच्च पदावर बसलेला हायरम इव्हान्स डॅलसचा दंतवैद्यच होता. बायकांची वेगळी शाखा १९२३मध्ये निघाली. सहली, मिरवणुका, चर्चला देणग्या. अशा माणसांना ‘अडाणी’ म्हटलं की आपल्याला हायसं वाटतं, एवढाच त्या शब्दाचा उपयोग.

सत्तेचं बोलायचं तर ओरेगॉनमध्ये १९२२ साली क्लॅनच्या पाठिंब्याने गव्हर्नर निवडून आला. त्याच निवडणुकीत मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा मतदारांनी मंजूर केला. रोख उघड कॅथलिक शाळांवर होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९२५मध्ये रद्द ठरवला. कोलोरॅडो आणि इंडियानामध्ये १९२४ला क्लॅनचे गव्हर्नर आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही यावर रण माजलं, आणि तो ठराव अगदी निसटत्या फरकाने पडला. अलाबामाचा ह्यूगो ब्लॅक या काळात क्लॅनचा सभासद होता. पुढे तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, आणि १९५४मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या खंडपीठावरही होता. माणसं अशी गुंतागुंतीची असतात. म्हणूनच ‘अख्खा समाज आरोपी’ असं मी लिहिलं नव्हतं. लेख पुन्हा चाळून बघा.

वर्तमानपत्रांचं श्रेय मला नाकारायचं नाही. मेम्फिसच्या आणि इंडियानापोलिसच्या दैनिकांना या काळातल्या कामासाठी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, ते उगीच नाही. पण न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ने सप्टेंबर १९२१मध्ये तीन आठवडे क्लॅनची लक्तरं वेशीवर टांगली, पाठोपाठ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, चौकशी लावली, आणि त्यानंतर सभासद घटले नाहीत, वाढले. फुकटात देशभर जाहिरात झाली. इंडियानात क्लॅन कोसळली ती तिचा तिथला पुढारी डी. सी. स्टीफनसन याने एका तरुणीवर केलेल्या अत्याचारामुळे. ती मरण पावली, मरण्याआधी तिने जबानी दिली होती. नोव्हेंबर १९२५मध्ये तो खुनाच्या आरोपात दोषी ठरला. गव्हर्नर माफी देईल या भरवशावर तो होता. माफी आली नाही, तेव्हा त्याने कुणाकुणाला पैसे चारले त्याची कागदपत्रं बाहेर काढली. ‘स्त्रियांच्या अब्रूचे रक्षक’ म्हणून मिरवणाऱ्यांचा तो म्होरक्या होता, हे सभासदांना पचलं नाही. विचार चुकीचा वाटला म्हणून किती जणांनी क्लॅन सोडली, याबद्दल मी साशंक आहे.

आणि सोडायला हरकतही नव्हती, कारण बाहेरून येणाऱ्यांना रोखा ही क्लॅनची मागणी पूर्ण झालेली होती. मे १९२४मध्ये स्थलांतराचा कायदा झाला : पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांवर तुटपुंजा कोटा, आशियातून येणाऱ्यांना जवळपास दार बंद. सिनेटमध्ये विरोधी मतं दहाच्या आत. त्या सभागृहात झगे घालून कुणी बसलं नव्हतं. मॅडिसन ग्रँटसारखा न्यूयॉर्कचा उच्चभ्रू वकील वंशश्रेष्ठत्वावर ग्रंथ लिहीत होता, हॅरी लॉफलिनसारखा सुप्रजननवादी (‘चांगल्या’ वंशाचीच पैदास वाढावी असं मानणारा) काँग्रेसच्या समितीला ‘तज्ज्ञ’ म्हणून आकडे पुरवत होता. मला भीती वाटते ती याची, मुखवट्यांची कमी.

आता ‘आपले लोक’. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये ४ सप्टेंबर १९०७ला शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या भारतीय, मुख्यतः पंजाबी, मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. क्लॅनचा तेव्हा मागमूसही नव्हता. फेब्रुवारी १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व मिळू शकत नाही, कारण सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ नाहीत. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्याचे खटले सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं असंच गेलं. १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि कारण लिहून ठेवलं.

पण थिंड यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद वाचलात, तर तुमचा प्रश्न उलट्या दिशेने येऊन बसेल. आपण उच्चवर्णीय, शुद्ध आर्य आहोत, आणि लग्नसंबंधांच्या बाबतीत भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसंच बघतो जसं अमेरिकन गोरे निग्रोंकडे बघतात, असं त्यात मांडलं होतं. भेद चुकीचा आहे असं नाही; भेदाच्या रेषेच्या वरच्या बाजूला आम्हालाही घ्या, एवढंच मागणं. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पन्नास वर्षांनी आपलीच माणसं त्या देशाच्या न्यायालयात वर्णाचा दाखला काढून उभी होती.

थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः नागरिकत्व मिळालेले भारतीय होते. सरकार त्यांच्याही मागे लागलं. आपल्या प्रकरणात त्यांनी मात्र वेगळा रस्ता धरला : न्यायालयाने एकदा दिलेला निर्णय सरकारला वर्षांनंतर असा उकरून काढता येणार नाही. १९२६मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला, आणि उरलेले असे खटले थंडावले. भारतीयांना नागरिक होण्याची वाट कायद्याने मोकळी झाली ती मात्र १९४६मध्ये, वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. तुम्ही ज्या रांगेतून तिकडे गेलात, तिचा हा आधीचा भाग.