शिकलेली माणसं आणि पाप

घरच्या ग्रुपवर काका लिहितात, कलियुग आहे, देवाधर्माचा धाक सुटला की माणूस असाच घसरणार. त्यावर चुलतभाऊ म्हणतो, शिक्षण आणि विज्ञान घरोघरी पोचू द्या, माणूस आपोआप सुधारेल. बर्लिनमध्ये बसून हे वाचताना मला दोघांचंही पटत नाही.

आमच्या इमारतीच्या दाराशी फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेत, नाझी राजवटीत मारल्या गेलेल्यांच्या आठवणीचे. 'इथे राहत होते', खाली नाव, जन्मसाल, आणि कुठे नेऊन मारलं ते. १९३८ साली ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली. त्या तारखेला शेजारच्या आजी गुडघे टेकून हे चौकोन घासतात. गेल्या वर्षी मीही फडकं घेऊन बसले. काळं पडलेलं पितळ उजळत गेलं तसं एक आडनाव दिसलं, मग तेच पुन्हा, त्याखाली जन्मसाल १९३४. लहान मूल होतं ते.

इथल्याच वानझे तळ्याकाठच्या देखण्या बंगल्यात २० जानेवारी १९४२ ला नाझी राजवटीतले पंधरा जण जमले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी दीडेक तासात उरकली. त्यातले आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. शिक्षण पोचलंच होतं की! आणि काका, त्याच राजवटीच्या सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्यासोबत' असं कोरलेलं असायचं.

षड्रिपू पदवीने जात नाहीत, पूजेनेही जात नाहीत. ते राहणारच, हे धरून १९४९ साली इथली राज्यघटना लिहिली गेली. माणसाच्या प्रतिष्ठेला हात लावता येणार नाही, हे पहिलंच कलम. आणि ते तत्त्व संसदेतल्या कुठल्याही बहुमताला बदलता येत नाही. स्वतःचा इतका अविश्वास करायला शिकणं, मला प्रगती दिसते ती इथे. आपल्याकडचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदाही मला म्हणूनच मोलाचा वाटतो. वाळीत टाकणारे काही राक्षस नसतात. लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसणारीच माणसं असतात ती.

इथलाही माणूस बदललाय असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये हाले शहरात योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी एक बंदूकधारी सिनेगॉगवर चालून आला. बाहेर त्याने दोन जीव घेतले. आत पन्नासहून जास्त लोक प्रार्थना करत होते. ते वाचले, कारण बंद दार गोळ्यांना पुरून उरलं.