पेस्टचे 400 परत करतो, पण मदरबोर्ड आम्ही जाळला नाही

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, वाचलं. तुमचं म्हणणं असं की गरम होऊन बंद पडणाऱ्या पीसीच्या प्रोसेसरला आम्ही पेस्ट (त्याची उष्णता वर बसलेल्या कूलरकडे नेणारी) लावली, 400 रुपये घेतले आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. मग फॅनला वायर जोडून 350 घेतले, आता पीसी गिरणीसारखा वाजतो. वर आम्हीच मदरबोर्ड जाळून नवा घ्यायला लावतोय.

पेस्टची चूक आमचीच. सोलापुरात एप्रिल-मे लागला की गरम होणाऱ्या पीसींची रांग लागते आणि बहुतेकांत धूळ नाहीतर वाळलेली पेस्टच निघते. आमच्या पोरानं तेच गृहीत धरलं. झाकण काढून फॅन फिरतोय का, एवढं बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. तो फिरतच नव्हता. 400 रुपये पाकिटात घालून काउंटरवर ठेवलेत, कधीही घेऊन जा.

पण बोर्डाचं तसं नाही. दुसऱ्यांदा आणलात तेव्हा मी स्वतः बसलो. तुमचा फॅन दुसऱ्या मशीनला लावला, मस्त फिरला. मग मल्टिमीटर लावला. सीपीयू फॅनच्या पिनांवर 12 व्होल्ट यायला हवेत, आले शून्य. शेजारच्या कॅबिनेट फॅनच्या पिनांवरही शून्य. भिंगातून पाहिलं तर पिनांच्या बुडाशी काळा डाग. त्याचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे तुम्ही फोनवर सांगितलंत की धूळ काढताना पीसी चालूच होता, स्क्रूड्रायव्हर निसटला आणि ठिणगी उडाली. दादा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर पेस्टची ट्यूब उघडलीच नसती. यात लाजायचं काय? माझ्या हातूनही एक बोर्ड असाच गेलाय, तोही गिऱ्हाइकाचा. भरून द्यावा लागला.

आता आवाज. बोर्डाकडून वीज मिळेना म्हणून फॅनला थेट एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, पिवळी-काळी वायर दिली. तिथून कायम पूर्ण 12 व्होल्ट येतात. फॅनच्या चार तारांपैकी जिच्यावरून बोर्ड वेग कमी-जास्त करतो, ती मोकळीच आहे, म्हणून तो सदा फुल स्पीडला. हे तुम्हाला सांगूनच केलं होतं. आधी शंभरीला टेकणारं तापमान आमच्याकडे तासभर चालवूनही 65 च्या वर गेलं नाही.

मला काळजी आवाजाची नाही. चालू करताना दर वेळी ‘सीपीयू फॅन एरर’ येऊन पीसी अडायचा, म्हणून बायोसमधली (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमधली) फॅनची तपासणी बंद करावी लागली. उद्या फॅन अडकला तर बोर्ड काही बोलणार नाही. बोर्ड बदला म्हणालो ते एवढ्यासाठी. तुमच्या बोर्डाचा चिपसेट, म्हणजे त्यावरची मुख्य चिप, एच 61, 2011 च्या पिढीचा. त्याच चिपसेटचा बोर्ड घेतलात तर बहुतेक तुमचा प्रोसेसर आणि डीडीआर 3 रॅम तसेच चालतील, फक्त घ्यायच्या आधी मला मॉडेल दाखवा. आमच्याकडूनच घ्या असं नाही. बाहेरून आणलात तरी बसवून देतो, मजुरी नको.

तोवर कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि तो गिरणीचा आवाज थांबला, तर पीसी लगेच बंद करून मला फोन करा.